हिरव्या काठाचं दुपटं

बोईसर, शुक्रवार, १८ नोव्हेंबर १९६६

आज ते दुपटं घेतलं. घ्यायला नको होतं. चिंचणीहून दारावर मासळी घेऊन येणाऱ्या जनाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचं शिवलंय. मऊसूत, हिरव्या काठाचं. म्हणाल्या, "भाऊ, वयनीचे दिवस भरले असतील ना आता? बालासाटी हाय हे."

मालती बाळंतपणाला माहेरी गेलीय, असं गणपतीनंतर मीच चाळीत सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो? मी हात उचलला म्हणून ती साताऱ्याला निघून गेली, हे? कुसुमला मीच तिच्याबरोबर जाऊ दिलं नाही, हे? आता नांदायला येणार नाही, असं तिच्या भावाचं पत्रही आलं. बाळ वगैरे काही नव्हतंच.

मला वाटायचं, निदान कुसुमला तरी माझी थाप खरी वाटतेय. सात वर्षांची तर पोर. शेजारणी विचारायच्या, भाऊ हवा की बहीण? ही हसून "भाऊ" म्हणायची.

संध्याकाळी मी दुपटं ट्रंकेत कोंबत होतो. कुसुमने ते हातातून घेतलं आणि तिची आई घालायची तशी, हिरवा काठ आत घेऊन घडी घातली. मग हळूच म्हणाली, "बाबा, बाळ गेलं म्हणून सांगू या का? म्हणजे कुणी विचारणार नाही."

त्या दिवशी ती दारातच उभी होती. सगळं पाहिलं होतं तिने.

आणि मी, तिचा बाप, तिला जवळ घ्यायचं सोडून विचार करू लागलो, की आधी कुणाला सांगावं.