पांढऱ्यावर पांढरं

प्रिय धाकटे,

हाताचा रंगाचा वास अजून गेलेला नाही, तरी लिहायला बसले. काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, आई तुझ्याकडे यायला तयार नाही गं. म्हणते, मला वृद्धाश्रमात ठेवा, पण तिच्याकडे नको." पुढच्या महिन्यात तुझं पाठीचं ऑपरेशन, नंतर सहा आठवडे तुला वाकायची बंदी, आणि आपल्या आईला पोटच्या मुलीपेक्षा परकी माणसं बरी वाटताहेत. का, ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. बाथरूम रंगवून घेतेय एवढंच बोलले. तू हसलीस, "ती येणारच नाही तर रंग कुणासाठी?"

आधी बाथरूमचंच सांगते. माझी ती चार बाय सहाची खोली तुला माहीत आहे. दारामागे भिंतीला एक पोपडा सुटला होता. खपली काढावी तसा मी तो नखाने ओढला, तर हातभर रंग सोलून खाली आला आणि मागे काळी, ओली, लवदार बुरशी. आठवडाभर पिशवीत राहिलेल्या ओल्या फडक्याचा येतो ना, तसा वास. वरचा पिस्ता, त्याखाली गुलाबी, त्याखाली निळा. दर खेपेला डाग दिसला की मी वरून नवा रंग लावून मोकळी. आणि रोज सकाळी त्याच भिंतीला हात टेकून मी आंघोळ करत होते! रंगारीकाकांनी नुसती मान हलवली. "बाई, बुरशीवर रंग म्हणजे खरजेवर पावडर." मग त्यांनी प्लंबरला बोलावून आतला गळका पाइप बदलायला लावला, भिंत पार सिमेंटपर्यंत खरवडली, ब्लीचिंगने दोनदा धुतली आणि दहा दिवस उघडी ठेवली. मी घाई केली तर म्हणाले, "ओल्या भिंतीवर प्रायमर धरत नाही. भिंतीचं रडणं थांबू द्या, मग पुसू तिचं तोंड."

ते दहा दिवस मी रंगाच्या दुकानात खेटे घातले. दुकानदाराने पांढऱ्याच्याच अकरा छटा दाखवल्या आणि मी त्यातला सगळ्यात पांढरा मागितला, बुरशी धरणार नाही असा, चकचकीत. तुला मी माहीत आहेच. पेला मी प्यायच्या आधी धुते आणि प्यायल्यावरही. चार वर्षांपूर्वी तुझी बाथरूमसुद्धा मीच हट्टाने पांढरी करायला लावली. भिंत, फरशी, कमोड, सगळं. घाण लगेच दिसली पाहिजे, हा माझा हेका. तुझा नवरा म्हणालाही होता, "ताई, इथे आंघोळ करायची की ऑपरेशन?"

आता तुला न सांगितलेलं. मागच्या वेळी मी तुझ्याकडे आले आणि तू तपासण्यांना गेली होतीस, त्या दिवशी आईने बाथरूममधून हाक मारली. गेले तर सगळं कमोडच्या बाजूला, फरशीवर, तिच्या पायांवर, गाऊनवर. भिंतीवर तिच्या हातांचे माखलेले ठसे. मला भयंकर किळस आली. ओढणी नाकाला लावून मी दारातच उभी राहिले आणि म्हणाले, "एवढी पांढरीशुभ्र जागा, आणि तुला एवढं मोठं भांडं दिसत नाही? भिंतही बरबटवलीस!" मग मी तिला हात न लावता धुतलं. लांबून पाण्याचा फवारा सोडला, गाडी धुतात तसा. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाणी थंड होतं. नंतर मी कोपरापर्यंत साबण लावून तीनदा हात धुतले, आणि वळून पाहिलं तर ती पलंगावर बसून त्या नळाचा आवाज ऐकत होती. तू आल्यावर "काही विशेष नाही" असं मी म्हणाले. तीही तेच म्हणाली.

या मंगळवारी माझ्याकडे प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा, पहिला हात झाला. वाळल्यावर काका जेवायला गेले आणि मी उगाच उत्साहाने पॉलिश पेपर घेऊन गुठळ्या घासत बसले. चष्म्यावर पांढरी भुकटी बसली. पुसली तर आणखीच फासली गेली. दमून मी कमोडच्या झाकणावर टेकायला गेले आणि टेकले ते हवेत. काठ कंबरेला लागला आणि मी खाली फरशीवर. चष्म्यातून पाहिलं तर पांढऱ्या भिंतीत पांढरं भांडं कुठे सुरू होतं तेच कळेना. उठायला मी भिंत चाचपू लागले आणि माझे दोन्ही तळवे भिंतीवर होते तेव्हा आईचे ते ठसे आठवले. ती भिंत बरबटवत नव्हती गं. ती भांडं शोधत होती.

मोतीबिंदू काढल्यापासून तिच्या डोळ्यांचा विषय आपण संपवूनच टाकला होता. दिसत नाही का, असं मी विचारलं तेव्हा खरं उत्तर "नाही" हे होतं, पण मी ते विचारलं नव्हतंच, मी ते तोंडावर मारलं होतं.

मग मी दुकानात जाऊन पांढरा परत केला. कमोडमागच्या भिंतीला आता गडद शेवाळी रंग आहे, त्यातही चकाकी नसलेला, कारण चकाकीने म्हातारे डोळे अजूनच दिपतात म्हणे. काका म्हणाले, "बाई, दुधातून निघालात त्या थेट डबक्यात?" खरंच डबकंच वाटतं. दार उघडलं की रोज वाटतं, बुरशी परत आली, आणि अंगावर शहारा येतो. पण चष्मा काढून दारात उभी राहिले, तरी भांडं स्पष्ट दिसतं.

हे पत्र खरं तर आईला लिहायचं होतं. ती ते वाचू शकणार नाही आणि अक्षर दिसत नाही हे तुला सांगणारही नाही, म्हणून तुला लिहिलं. तुझ्या ऑपरेशनच्या आधी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. आणि हे तिला वाचून दाखव, दारातून बोललेलं माझं ते वाक्य न गाळता. माझी किळस गेली असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. मला उमासे येतील, मी हातमोजे घालीन, पण तिला हात लावीन आणि पाणी गरम असेल. हे ऐकल्यावर तिला एकदा विचार, येतेस का म्हणून. ती नको म्हणाली तर तिला समजावू नकोस आणि आश्रमातही पाठवू नकोस. शेवाळी रंगाचा अर्धा डबा उरलाय. मी तो घेऊन तुझ्याकडे येते, पहिल्या दिवशी तुझी भिंत रंगवते आणि सहा आठवडे तिथेच राहते. बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहीन. तिने हाक मारली, तर आत जाईन.

तुझीच, तुला उशिरा खरं सांगणारी,
ताई