नलूची अन्नपूर्णा

११ जाने.
संक्रांत आली, देव घासायचे आहेत. आता हे काम माझ्याकडे. शुगरनं नलूचा उजवा डोळा गेला, मग दुसराही. डॉ. म्हणे आता इलाज नाही, सोपस्कार म्हणून तपासाले या. पूजा मात्र तीच करते, चाचपून. गणपती, बाळकृष्ण आणि लग्नात कुहीवरून, तिच्या माहेराहून आलेली पितळेची अन्नपूर्णा. अन्नपूर्णेच्या नाकावरून बोट फिरवल्याशिवाय बायको चहा घेत नाही.

१२ जाने.
मिहानच्या कंपनीतली ड्यूटी सकाळची. घासत बसाले वेळ कुठं? देव चिंचेच्या पाण्यात बुडवून गेलो. नलू हजारदा सांगते, चिंच लावा, चोळा, लगेच धुवा, कोरडं करा. पाच मिन्टाचं काम. संध्याकाळी येऊन पाहतो तं बाकीचे ठीक, अन्नपूर्णा गुलाबी. डागच डाग. जुनं पितळ, दिवसभर आंबटात राहिलं. मी भैताड. नलूले सांगितलं नाही, तिले रंग थोडीच दिसते.

१३ जाने.
सकाळी पूजेत तिले काहीच कळलं नाही. नाकावरून बोट फिरवलं, चहा घेतला. इथंच गप बसायचं होतं. पण उद्या हळदीकुंकवाले बाया येतीन, कोणी ना कोणी बोलन, हे डोक्यात. दुपारून तिले न सांगता इतवारीत पॉलिशवाल्याकडे नेली. त्यानं मशीनच्या चाकावर धरली. म्हटलं, जोरात घास बावा, लाली गेली पाहिजे. तो म्हणे काका, जुनी चीज आहे, रहने दो. मी ऐकतो काय. लाली गेली. चकचकीत झाली, खूश होऊन मनीषनगरले घरी आलो. ट्यूबलाइटखाली पाहिली. नाक नाही. डोळे नाही. तोंडाच्या जागी गुळगुळीत.
जेवलो नाही.

१४ जाने.
तिनं बोट फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं.
"ही कोणाची आणली?"
सगळं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. म्हणे, "रंग गेला होता तं जाऊ द्यायचा होता न. रंगाचं मले काय काम?"
बायांले फोन करून येऊ नका म्हटलं. तिळाचे लाडू डब्यात तसेच.

१८ जाने.
पूजा मी करून राहिलो. मंत्र येत नाही, पाणी घालतो, पुसतो, कुंकू लावतो. ती देवघराकडे येत नाही. चहा उठल्याबरोबर मागते. मले ते सगळ्यात जास्त लागते.
गुरुजींले विचारलं. म्हणे, झिजलेली मूर्ती पूजेत ठेवू नये, विसर्जन करा, नवी बसवा.

२० जाने.
नवी आणली. तशीच, हातात पळी, तेवढीच उंच. नलूनं हातात घेतली, म्हणे छान आहे, आणि परत दिली. शेजारणीची साडी पाहून म्हणतात तसं. नवी कपाटात ठेवली. जुनी देवघरातच, फडक्यात. दोन्हीले हात लावाची हिंमत नाही.

२५ जाने.
नलूचा भाऊ मधुकर आला कुहीवरून. मीच बोलावलं. म्हणे भाऊजी, आमच्या घरची आहे, मीच नेतो, आंभोऱ्याले वैनगंगेत सोडतो. नलू ऐकत होती. जेवण अर्धं टाकलं. शुगर पुन्हा चढली. ही आता कशानंच सुधरणार नाही असं वाटून राहिलं. डोळे शुगरनं नेले. उरलं होतं ते मी नेलं.

२६ जाने.
सुट्टी. मधुकर सकाळीच तयार, मूर्ती तांदळात ठेवून थैलीत. चप्पल घातली त्यानं, तेव्हा नलूनं त्याले अडवलं. म्हणे थांब. मग मले म्हणे,
"तुम्ही सांगा. तुमाले दिसते. थोडा तरी चेहरा आहे का तिचा?"
थैलीतून काढून खिडकीपाशी नेली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मधुकर माझ्याकडे पाहून राहिला. काहीच नव्हतं.
म्हटलं, "आहे. थोडा आहे."
"कुठं? दाखवा." हात पुढे केला तिनं.
बोट धरलं तिचं. कुठं ठेवू, समजेना.