कॅल्शियमची बाटली

हरसूल, ४ ऑगस्ट २०२४

सौ. उज्वलावहिनी,

सा. न. वि. वि. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. तुमची धाकटी जाऊ, माझी बहीण योगिनी, लहानग्या लेकाला, रुद्रला, तिकडेच ठेवून एकटी एसटीने इथे आली. चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडली आहे. डॉक्टरांनी उदासीवर दिलेल्या गोळ्या कुठे, म्हणून विचारलं, तर पिशवीतून कॅल्शियमची रिकामी बाटली काढली. म्हणे गोळ्या हिच्यातच असायच्या, कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद होती. रुद्रचं अंगावरचं दूध सुटलं, आता कॅल्शियम कशाला, म्हणून तुमच्या सासूबाईंनी ती बाटलीच बंद केली. महिना झाला. हा शहाणपणा कुणाचा?

ललित

इंदिरानगर, ७ ऑगस्ट

श्री. ललितभाऊ,

स. न. वि. वि. शहाणपणा माझा. नणंद लग्नाची आहे. घरातली सून मनाची औषधं घेते हे कळलं, तर आमच्यात स्थळं येत नाहीत. ही युक्ती चालते, मला ठाऊक आहे. सासूबाईंची चूक झाली, पण त्यांना माहीतच नव्हतं. आम्ही तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तुम्हा डोंगरातल्यांत आधी भगत, मग कोंबडं, उरलं तर दवाखाना. आम्हाला शिकवू नका. रुद्र रडून रडून तापला आहे. रविवारपर्यंत तिला पाठवा आणि गावभर बोभाटा करू नका. लोभ टिकवणं तुमच्या हातात आहे.

उज्वला

हरसूल, ११ ऑगस्ट

सौ. उज्वलावहिनी,

सा. न. वि. वि. भगताकडे नेलंच होतं, लपवत नाही. त्याने सुपातले दाणे पाहिले आणि म्हणाला, ही बाहेरची बाधा नाय, पोरीला डॉक्टरकडं न्या. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. आता ती अंगणात बसून गोळी घेते. आमची आई विसरली, तर शेजारच्या सुलाबाई कुंपणावरून आठवण करतात. भगताला अडाणी म्हणा, त्याने बाटली तरी बदलली नाही.

योगिनी यायला तयार आहे. अट एकच, गोळ्या आपल्याच पाकिटात, बाहेरच्या खोलीतल्या फळीवर राहतील. जमत नसेल तर रुद्रला इथे आणून सोडा. लोभाचं तुम्हीच ठरवा.

ललित

इंदिरानगर, १९ ऑगस्ट

श्री. ललितभाऊ,

स. न. वि. वि. फळी रिकामी केली. सासूबाईंना सगळं सांगितलं, त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. शनिवारी शेखरभावजी रुद्रला घेऊन बायकोला न्यायला येतील.

योगिनीला सांगा, फळीवर एक पाकीट आधीच दिसेल. ते तिचं नाही, माझं आहे. चार वर्षं मी तीच गोळी कॅल्शियमच्या बाटलीतून घेत आले.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल. तिला पाठवा.

उज्वला