डोळा तुझ्याच हातून

महागाव (जि. यवतमाळ),
मंगळवार

चिरंजीव अतुल,

तुझ्या विमलताईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही उभयता बरे आहोत. म्हणजे विठ्ठलराव बरे आहेत आणि मला ऐकू उत्तम येतं. तू सध्या कुठल्या देशात आहेस ते कळलं, की तिथली हवा तुला मानवते का ते विचारीन. (मागचा फोटो मी शेजारी नेपाळचा म्हणून दाखवला, नंतर कळलं की आफ्रिका.) "ताई, त्या परदेशी नेत्रसेवा संघाबरोबर पंधरा दिवस जाऊन येतो," म्हणून गेलास, त्याला यंदा एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तू परक्या मुलखातले हजारो मोतीबिंदू काढलेस, याचा मला एवढा अभिमान आहे की भाजीबाजारात भेंडी निवडतानाही मी तो सांगते. त्यातूनच सगळा घोळ झाला.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे तुला माहीत आहे. या डोळ्याला हात लागेल तर माझ्या भावाचाच, असं मी गावभर सांगून ठेवलेलं. त्यात मागच्या आठवड्यात शाळेत नेत्रशिबिर लागलं. तिथे नापास होणाऱ्याला (म्हणजे न दिसणाऱ्याला) लगेच गाडीत बसवून ऑपरेशनला यवतमाळला नेतात. न जावं तर विठ्ठलराव ऐकेनात. मग मी तांड्यावरच्या बिजलीबाईला गाठलं. तिची तपासणी सकाळीच झाली होती. नजर तपासायचा तो तक्ता तुझ्या रोजच्या सवयीचा, तीन दातांच्या फणीसारख्या खुणांचा. दात कुठल्या बाजूला ते सांगायचं. बिजलीबाईनं तो अख्खा पाठ करून आणला आणि माझ्याकडून घोकून घेतला. (तीस वर्षं शाळेत मी पोरांच्या कॉप्या पकडल्या, म्हातारपणी ही वेळ!) खुर्चीत बसले, डावा डोळा झाकला आणि "वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे" करत एका दमात शेवटच्या ओळीपर्यंत गेले. समोर निशिगंधा नावाची तरुण डॉक्टर. मला वाटलं, पैकीच्या पैकी! तर तक्ता अजून तिच्या हातातच होता, आणि मी बघून वाचत होते ते भिंतीवरचं खताच्या दुकानाचं कॅलेंडर. दारातून बिजलीबाई ओरडली, "घाई काहून केली वं बाई?"

निशिगंधा हसली नाही. मोतीबिंदू पार पिकलाय, महिन्याच्या आत काढला नाही तर डोळा जाईल, म्हणाली. मी काही गाडीत बसले नाही, म्हटलं, माझा भाऊ येऊन काढेल. तिनं विचारलं, कधी? अतुल, आई गेली तेव्हा दोन दिवस आलास, त्याला सहा वर्षं झाली. त्या दोन दिवसांतही तू अर्ध्या गल्लीचे डोळे तपासत बसलास, आणि माझा नंबर कधी लागतो म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. फार आठवण येते रे तुझी. महिन्याच्या आत ये.

तुझी,
ताई

ता. क. येताना काही आणू नकोस. (विठ्ठलराव म्हणतात, चॉकलेट चालेल.)

ता. क. २. हे पत्र टाकायचं राहिलं आणि शुक्रवारी विठ्ठलरावांनी मला यवतमाळच्या गाडीत बसवलंच. ऑपरेशन निशिगंधानं केलं. पोरीचा हात हलका आहे, तुझ्याइतकाच असेल. आता छान दिसतं. विठ्ठलराव म्हणाले, "मंग आता पत्र कायले टाकून राह्यली? काम त झालं!" खरंच आहे, तुला बोलवायला डोळ्याचं निमित्त उरलं नाही. दुसरं शोधत चार दिवस बसले, सापडलं नाही. तरी ये.