‘मेला’ हा शब्द वगळून

२८ सप्टेंबर
मी मूळचा शांत माणूस आहे. हे आधी लिहून ठेवतो, कारण आज ऑफिसात माझ्या लाथेनं कचऱ्याची बादली फुटली आणि लोक उगाच काहीबाही बोलतायत. बादली आधीच तडकलेली होती.

झालं असं, की ब्रिंगास साहेबांनी भर मीटिंगमध्ये जाहीर केलं, ऑनलाइन जाहिरातींच्या आमच्या सर्टिफिकेटांची मुदत संपली. ऑक्टोबर संपायच्या आत पुन्हा परीक्षा. "फेर्मीन, तूसुद्धा. खास करून तू." नापास होईल त्याचं गिऱ्हाईक काढून घेणार. म्हणजे माझ्याकडून दोन्या एन्कार्नांची (दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब) बेकरी जाणार!

वेबसाइटवर बॅनर लुकलुकायचे तेव्हापासून मी इथं मेक्सिकोत, पुएब्लात, या धंद्यात आहे. मला कोण शिकवणार?

संकल्प: रोज पहाटे एक तास अभ्यास.

३ ऑक्टोबर
पहाटे उठलो नाही. अंगठा सुजलाय (बादली). जेवण झाल्यावर कोर्सचा पहिला व्हिडिओ लावला. मिसरूड न फुटलेला एक पोरगा हसत म्हणाला, "चला, जुनं सगळं विसरू या!" मी लॅपटॉप मिटला. जरा जोरात मिटला. स्क्रीनला आडवी चीर गेली.

बायको म्हणाली, "त्या पोराला लागलं असेल हो."

अभ्यासाला घरात वातावरणच नाही.

७ ऑक्टोबर
भयंकर दिवस. दोन्या एन्कार्ना ऑफिसात आल्या. सत्तरीची बाई, हातात भट्टीतून पाव ओढायची लांब दांड्याची लाकडी फळी. आमची जाहिरात, "एक तुकडा तोडा, सगळ्यांना वाटा!", एका बातमीला चिकटून लागली होती. बातमी अशी: हायवेवर पोत्यात धड सापडलं, मुंडकं गायब.

पहिला फटका खांद्यावर, दुसरा पाठीत. साहेब सोडवायला आले, तिसरा त्यांच्या नडगीवर.

"मेल्या! माझा पाव प्रेताशेजारी मांडतोस? या मेल्यांच्या पावावर माझं अख्खं वर्ष निघतं! दोन नोव्हेंबरला, मेल्यांच्या सणाला, घरोघरी पितरांपुढं मांडायला तो खपला नाही ना, तर भट्टी विझवीन. आधी तुला आत घालीन, मग विझवीन!"

मी एक अक्षर उलट बोललो नाही. टेबलाखालून नीट बोलता येत नाही.

८ ऑक्टोबर
यारेत्झी. वय चोवीस, सर्टिफिकेटं भिंतभर. मला म्हणते, "फेर्मीनकाका, जाहिरातीसाठी गुन्ह्यांच्या बातम्या हा प्रकारच बंद करा ना. एकेक शब्द वगळत बसू नका, नको तेही कापलं जातं. चौथ्या धड्यात आहे बघा."

म्हटलं, चौथा धडा मी कोळून प्यालोय. ती हसली. मी स्टेपलर फेकला. तिला नाही, साधारण त्या बाजूला. पुढच्या क्षणी माझा उजवा हात माझ्याच मानेमागे होता. पोरगी संध्याकाळी कुस्ती शिकते, हे ऑफिसनं आधी सांगायला नको?

पोर म्हणून सोडून दिली.

९ ऑक्टोबर
डाव्या हातानं काम केलं, पण काय काम केलं! वगळायच्या शब्दांची यादी टाकली. यातला एकही शब्द ज्या पानावर असेल, तिथं आपली जाहिरात दिसणारच नाही. मेला, मेले, मृत्यू, प्रेत, रक्त, हाड, कवटी, थडगं, कबरस्तान. खुन्नस म्हणून शेवटी ‘आत्मा’ही टाकला.

करा म्हणावं आता खून.

१६ ऑक्टोबर
विजय! शेजारी एकही प्रेत नाही. तक्रार नाही. जाहिरातीचा खर्चसुद्धा जवळजवळ थांबलाय, म्हणजे वर बचत! साहेबांना दाखवणार होतो, पण ते नडगीच्या एक्स-रेला गेले होते.

परीक्षा दिली. नापास. प्रश्नच चुकीचे काढलेत. माऊस भिंतीवर आपटला, तो उलटा येऊन भुवईवर बसला. दोन टाके. डॉक्टरनं विचारलं, कुणी मारलं? म्हटलं, सिस्टिमनं.

२५ ऑक्टोबर
दोन्यांचा फोन. "मेल्या, यंदा ऑर्डरीच नाहीत रे. गेल्या साली या दिवसांत फोन खाली ठेवायला मिळत नव्हता." मी समजावलं, बाजार मंद आहे, हल्ली लोकांना मेलेल्यांचं काही राहिलेलं नाही. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

संध्याकाळी बाजारातून आलो. झेंडूचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही, दुसऱ्या एका बेकरीपुढं ही लांब रांग. रांगेतल्या एकानं नेमका माझ्या अंगठ्यावर पाय दिला. मी कोपर मारलं. त्यानं बुक्का मारला. एक दात हलतोय. मूळचा शांत असल्यामुळे मी उठलो नाही.

३० ऑक्टोबर
पास! पास!! दुसऱ्या खेपेला, काठावर, पण पास. शेवटच्या प्रश्नानं तारलं: ‘सणाच्या मालाची जाहिरात ऐन सणात दिसेनाशी झाली. कारण काय असेल?’ हसून हसून बरगड्या दुखल्या. कुण्या गाढवानं सणाचाच शब्द वगळला असणार! उत्तर बरोबर. असले अकलेचे कांदे धंद्यात आहेत म्हणून तर परीक्षा हवी, असं ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं.

यारेत्झी म्हणाली, "काका, बेकरीची यादी बघू जरा?"

ऐटीत दाखवली. तिनं यादी वरून खालपर्यंत वाचली. मग पहिल्याच शब्दावर तिनं बोट ठेवलं.

मेला. मेल्यांचा पाव. मेल्यांचा सण. सगळ्या देशात या महिन्यात ज्या ज्या पानावर लोक हा पाव शोधतात, त्या प्रत्येक पानावरून मी दोन्यांना हाकलून दिलं होतं.

मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. दोन्ही गालांवर.

३१ ऑक्टोबर
यादी काढून टाकली. जाहिरात पुन्हा दिसते आहे. पण लोकांनी पाव केव्हाच दुसरीकडे सांगून ठेवलेत. साहेबांनी बेकरी यारेत्झीला दिली. टेबलावर डोकं आपटलं. माझं.

२ नोव्हेंबर
बेकरीत गेलो. डोक्यात हेल्मेट, शर्टाच्या आत उशी, खिशात सर्टिफिकेटची प्रिंट. मार खायची पूर्ण तयारी. मनात वाक्यही जुळवलं होतं, की बाजार एकूणच मंद होता.

दुकानात गिऱ्हाईक नाही. कपाटांत, टेबलांवर, पिठाच्या पोत्यांवरसुद्धा पाव. दोन्या एकट्याच नवऱ्याच्या फोटोपुढं मेणबत्ती लावत होत्या. यारेत्झीनं त्यांना सगळं सांगितलेलं होतं. मला ते वाक्य बोलवेना. म्हटलं, दोन्या, चूक माझी. मारा. आणि डोकं पुढं केलं.

त्यांनी माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडवला. हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. आपल्या ॲप्रननं माझ्या कपाळाचा घाम पुसला. भट्टी विझलेली होती.

म्हणाल्या, "घरी जा, बाळा. बायको वाट बघत असेल."

एक तरी फटका मारायला हवा होता त्यांनी.