नोंदी कुणाच्या?

सांगवी, शनिवार

प्रिय वर्षाली,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. चऱ्होलीला येऊन तुझ्या आईच्या हातात हे पत्र देईन आणि तशीच परत फिरेन. वर येणार नाही, घाबरू नकोस.

मागच्या शुक्रवारी चौकशी समितीपुढं उभी होते. टेबलावर आपले दोन्ही प्रोजेक्ट रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेले, जुळणारा मजकूर पिवळा केलेला. माझी पानंच्या पानं पिवळी होती. तुझा रिपोर्ट मंगळवारी जमा झाला, माझा गुरुवारी. म्हणजे नक्कल माझीच, असं त्यांचं सरळ गणित. मग समितीतल्या मॅडमनी तुझा जबाब वाचून दाखवला. तू मला फाइल नुसती बघायला दिली होतीस म्हणे. वर्षाली, सोमवारी संध्याकाळी आमच्या घरी कोण रडत बसलं होतं गं? काहीच लिहून झालं नाही म्हणालीस, म्हणून मी पेनड्राइव्ह दिला. फक्त मांडणी बघ, एवढंच म्हणाले होते.

तरी मी सांगितलं की काम माझं आहे. तेव्हा मॅडमनी विचारलं, "मग हे आकडे कुठून आणलेस?"

कुठून आणले ते तुला माहीत आहे. चाकणच्या कंपनीत पप्पा प्रेस मशीनवर आहेत. कोणता डाय, म्हणजे साचा, किती माल काढल्यावर झिजतो आणि किती नग बाद होतात, हे चार महिने रोज शिफ्ट संपल्यावर त्यांनी माझ्यासाठी डायरीत लिहिलं. कंपनीतून कागदाचा चिटोराही बाहेर न्यायची परवानगी नाही. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. म्हणून मी पप्पांचं नाव घेतलं नाही. विद्यार्थिनी समाधानकारक उत्तर देऊ शकली नाही, असं त्यांनी लिहून घेतलं. तुझा रिपोर्ट आधी आलेला, त्यामुळे तुला हा प्रश्न कुणी विचारलाच नसेल.

घरी काही बोलले नाही. आठवडाभर डबा घेऊन निघायचे आणि पिंपरी स्टेशनच्या बाकावर पाच वाजेपर्यंत बसायचे. काल कॉलेजचं पत्र पोस्टानं आलं, ते नेमकं पप्पांनी सही करून घेतलं. पूर्ण सेमिस्टर रद्द का करू नये, याचा खुलासा सोमवारी अकरा वाजता द्यायचा आहे. म्हणजे मला कॉलेजातून लागलेली नोकरीही गेली. पप्पांनी पत्र दोनदा वाचलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आकडे माझ्या हातचे आहेत. मीच येऊन सांगतो त्यांना."

आई रडली, मी पाया पडले. ऐकत नाहीत. सोमवारची सुट्टी टाकलीय त्यांनी. डायरी दाखवली की कॉलेज खात्री करायला कंपनीला विचारणार, आणि मग पप्पांना कामावर कोण ठेवणार?

मी माझं वर्ष वाचवायला हे लिहीत नाहीये. तू अकराच्या आधी मॅडमकडे जा. आकड्यांबद्दल एक शब्द काढू नकोस. फाइल मिनलची होती, एवढंच सांग. मग पप्पांना आत जायची गरजच उरणार नाही. तुला शिक्षा होईल, हे मला कळतंय. कळत असूनही मागतेय. साडेदहाला पप्पा कॉलेजच्या गेटपाशी असतील. त्यांना मी फार वेळ थोपवू शकणार नाही.

अजूनही तुझीच,
मिनल