क्रमांक चौदाचा आवाज

प्रिय नोनी,

अक्षर ॲट्रॅक्टाचं आहे, बोलणं माझं. ॲट्रॅक्टा म्हणजे माझ्या पायाची पट्टी बदलायला दर मंगळवारी येते ती सरकारी नर्स. मी बोलेन तसंच लिही, सुधारायला जाऊ नकोस, असं तिला बजावलंय. ती म्हणते, "विनीबाई, तुम्ही बोलता तसं लिहिलं तर कागदाला भोक पडेल." पडू दे. मी फोनमध्ये बोलून पाठवलं असतं, तर तू तोही आवाज तुझ्या त्या यंत्रात घालून ठेवला असतास. त्यापेक्षा कागद बरा. नको झाला तर चुलीत जातो.

इकडची खबर म्हणशील तर सायमीकाकानं कबरी घोडी विकली आणि आता रोज तिच्या नावानं उसासे टाकतो. शेजारची जागा रिकामी झाली. मॉन्गनांना सरकारनं पक्कं घर दिलं. त्यांची म्हातारी मला म्हणाली, "विनी, भिंतींत झोप लागत नाही गं." पण परत काही येत नाही. आपली उरलेली भटकी मंडळी संध्याकाळी आपापल्या चाकांवरच्या घरगाडीत फोन घेऊन बसतात. बाहेर शेकोटी मी एकटीच पेटवते, सवयीनं. परवा सूनबाई, सायमीची बायको, दारातून डोकावून म्हणाली, "आई, धूर आत येतोय." मग विझवली. इंटरनेटनं माणसांचं काय केलं ते शिकायला तू हॉलंडला गेलीस. इथे एक खुर्ची टाकून बसली असतीस तरी भागलं असतं.

तुझ्या त्या विटेवेन बाई आठवतात का? तुझ्या प्राध्यापक. कागदांचा गठ्ठा घेऊन आपल्या वस्तीवर आल्या होत्या, चिखलात पांढरे बूट घालून. तुझ्या आज्याला त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज किती तास इंटरनेट वापरता?" तो म्हणाला, "बाई, मला लिहिता-वाचता येत नाही, मी कुठला वापरतोय?" बाईंनी फुली मारली. आणि फुली मारताना त्याच्या हातातल्या फोनमधून मँचेस्टरचा लूक ओरडत होता की घोड्याचा पाय सुजलाय, काय बांधू? आज्यानं बटण दाबून तिथल्या तिथे जवाब बोलून टाकला, इंग्लंड लांब म्हणून जरा मोठ्यानं. बाई लिहीत राहिल्या. तू मात्र खदखदून हसलीस आणि मग बाईंच्या त्या फुलीकडे बघत राहिलीस. तेव्हाच तुझ्या डोक्यात किडा शिरला असणार. शहाण्या लोकांनी साऱ्या युरोपात फुल्या मारत सुटायचं, आणि आपल्यासारखे अडाणी बोलून बोलून त्यांच्या नाकाखालून इंटरनेटात शिरलेले. हे आधी कुणी पाहिलंच नव्हतं म्हणे. त्यावरच तू डॉक्टर झालीस. आजा वस्तीभर सांगत हिंडायचा, "माझ्या नातीनं मला शोधून काढलं." मी म्हणायचे, तू हरवला होतास कधी?

त्यानंच तुला फोनवर बोलून पाठवलेले आपले सगळे निरोप दिले, चारशे का पाचशे. "घे पोरी, माझ्या तोंडाची वाफ आहे, तुझ्या कामाला येऊ दे." मी तेव्हा काही बोलले नाही. माणूस जिवंत होता.

तो गेल्यावर काय करायचं ते तुला कुणी शिकवायची गरज नव्हती. गेलेल्याचं काही मागे ठेवायचं नाही, ही आपली रीत. त्याचे कपडे जाळले, अंथरूण जाळलं, घरगाडी जाळायला हल्ली परवानगी नाही म्हणून लांबच्या परक्या माणसाला देऊन टाकली. त्याचा कप मी स्वतः दगडावर फोडला. फोन सायमीनं हातोडीनं फोडला, आणि माझ्या फोनमध्ये त्याचे निरोप होते म्हणून मी माझाही पुढे केला. वाट मोकळी करून द्यावी लागते, नाहीतर माणूस घुटमळत राहतो. उरलं फक्त तुझ्याकडचं. मी म्हटलं, पूस. तू म्हणालीस, "आजी, ती त्याची वस्तू नाही, तो अभ्यास आहे. गेलेल्यांचे आवाज कुणाचे, यावर आमच्यात अजून वाद चालू आहेत." मी म्हटलं, घाला वाद, पण तो आवाज तुझ्याजवळ आहे तोवर माझ्या दारात येऊ नकोस. दोन वर्षं झाली. वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला तू चर्चमध्ये मागच्या खांबाशी उभी होतीस. मी पाहिलं होतं. मान वळवली नाही, एवढंच.

गेल्या महिन्यात ॲट्रॅक्टा म्हणाली, "तुमच्या नातीचं पुस्तक आलंय." वाच म्हटलं. तिनं फोनवर शोधून पट्टी बांधता बांधता वाचलं. त्यात तुझ्या आज्याला नाव नाही. 'पुरुष, क्रमांक चौदा, वय एकोणऐंशी.' साठ वर्षं मी क्रमांक चौदाच्या मोज्यांना ठिगळं लावली म्हणायची. मग त्यात त्याचे निरोप आले, जसेच्या तसे. एक माझ्यासाठीचा होता. पंधरा पावलांवरच्या तबेल्यातून पाठवलेला: "विनी, चहा टाक, आणि त्या कुत्र्याला काही सांगू नकोस." ॲट्रॅक्टानं तो वाचला, अगदी नीट, दवाखान्यात पुढच्या रोग्याला हाक मारतात तसा. शब्द सगळे त्याचेच होते. मी म्हटलं, असा नाही म्हणायचा तो. ती म्हणाली, "मग कसा?"

मी म्हणून दाखवायला गेले, नोनी. सायमीचा आवाज निघाला. पुन्हा म्हटलं. पुन्हा सायमीच. ॲट्रॅक्टाला वाटलं पाय दुखला, ती पट्टी सैल करायला लागली. त्या दिवसापासून रोज धुंडाळते आहे. चेहरा आहे, थडग्यावर फोटो बसवलाय. हात आठवतात, चाल आठवते, खोकला आठवतो. बोलणं नाही. वाट मी इतकी मोकळी केली की तो वळूनही न बघता गेला.

तू पुसलं नसशील, अशी मी आता देवाकडे प्रार्थना करते. माझ्याच हट्टाविरुद्ध. नसलं पुसलं तर ये. घरात आणायचं नाही, ते मी अजूनही मानते. तू फाटकाबाहेर मोटार लाव, काचा वर कर, मी काठी टेकत येऊन तुझ्या शेजारी बसेन. तो चहाचा एवढा एकदा ऐकव. दुसरा मागणार नाही, मागितला तर देऊ नकोस. मग ते यंत्र गाडीतच ठेव, कुलूप लाव आणि तू आत ये. आणि माझा राग धरून पुसून टाकलं असलंस, तरी ये. तुला त्याच्यासारखं बोलता येतं का, ते बघू. लहानपणी त्याची नक्कल करून तू मार खाल्लेला आहेस.

मंगळवार सोडून कधीही ये. ॲट्रॅक्टासमोर रडणं मला जमायचं नाही. तिला हेही लिहायला लावलंय.

तुझीच, दोन वर्षं दाराकडे पाठ करून बसलेली आणि आता खुर्ची फिरवलेली,
विनीआजी